रूपालीचं सेंटर

९ सप्टें., मंगळ.
पुण्याच्या कंपनीवाल्याचा तिसरा फोन. "सर, जुळे सोलापूर एरियात एकालाच फ्रँचायझी देतो आम्ही. लवकर कळवा." सांगितलं, पितृपंधरवडा चालू आहे, सही दसऱ्याला करू. "एवढं थांबायचं?" म्हणाला. पुण्यात पितर नसतात वाटतं.
लहान मुलांचं रोबोटिक्स. मोटरी, सेन्सर, वायरी. 'स्टेम' म्हणे. सरळ विज्ञान म्हणायला यांची जीभ झडते काय? पण किट हातात घेतलं तेव्हा बोटं शिवशिवली, हे खरं. बावीस वर्षं घरच्या क्लासात आठवी ते दहावीच्या पोरांना फळ्यावर खडूनं मोटर काढून दाखवतोय. फिरणारी एकदा तरी त्यांच्या हातात द्यावी.
सुनंदा म्हणाली, "घ्यायचं तर घ्या, नाहीतर नाव काढू नका. वर्ष झालं तेच ऐकतेय." बायको आहे की हेडमास्तर.

१३ सप्टें., शनि.
रूपाली येऊन गेली. माझी जुनी विद्यार्थिनी, वळसंगहून एसटीनं क्लासला यायची. आता कॉम्प्युटर इंजिनिअर. सोलापुरातच दिलीय, सासरचं किराण्याचं होलसेल. पाया पडली. कंपनीचं माहितीपत्रक टेबलावर होतं, ते उभ्या उभ्या सगळं वाचलं.
"सर, लई भारी हाय की हे! तुमी घेताय?"
म्हटलं, "छे छे. असली खेळणी विकायचं वय आहे का माझं?"
का म्हणालो असं? जुन्या पोरीपुढं धंदा शोधत फिरणारा मास्तर दिसू नये म्हणून. दुसरं कारण नाही.
माहितीपत्रक वाचायला घेऊन गेली.

१८ सप्टें., गुरु.
पेढे घेऊन आली. सही केली म्हणे! पंधरवड्यात! सासूबाई कानडीत "ब्याड, ब्याड" करत होत्या, नवराही नकोच म्हणत होता, तरी केली. "कंपनीवाले म्हणाले, आणखी एकजण दसऱ्याला घेणार हाय. मग मी कशाला थांबते? तुमच्यामुळं झालं सर हे."
तो आणखी एकजण समोर बसून पेढा खात होता.
तिचं काही चुकलं नाही. मीच नको म्हणालो होतो. हे दहा वेळा स्वतःला सांगून झालं, उपयोग शून्य.
सुनंदा : "बसा आता मुहूर्त बघत."

२ ऑक्टो., दसरा
उद्घाटन. फीत मीच कापली. शाल, श्रीफळ, हार, सगळं. रूपाली माइकवरून, "ज्यांनी मला विज्ञानाची गोडी लावली ते माझे सर." टाळ्या.
ठेंगणी रंगीत टेबलं, गार खोली. एका पोरीनं दोन वायरी जोडल्या, चाक गर्रकन फिरलं, आणि ती अशी किंचाळली की सगळे हसले. माझ्या क्लासात बावीस वर्षांत कुणी किंचाळलं नाही. जांभया दिल्या.
जळलो. लिहायला काय जातंय, हे कोण वाचणार आहे? पार जळून कोळसा. "सोनं घ्या सर" म्हणून तिनं आपट्याची पानं दिली, ती पाकिटात तशीच आहेत.

७ ऑक्टो., मंगळ.
संध्याकाळच्या बॅचमधल्या अदितीचे वडील दारात उभे. "सर, धाकटीला रूपाली मॅडमकडं घालावं म्हनतोय. तुमी म्हनाल तसं."
म्हटलं, "खेळणी आहेत हो सगळी. बोर्डात चाक फिरवून मार्क मिळत नाहीत."
"बास. मग नकोच."
एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

१२ ऑक्टो., रवि.
आणखी तिघांनी विचारलं. तिघांना तेच सांगितलं. चौथ्यानं विचारलंही नव्हतं, त्याला मीच गाठून सांगितलं. भाजी मंडईत. हातात मेथीची जुडी.
खोटं बोललो का? मार्क मिळत नाहीत हे खरंच आहे. म्हणजे खोटं नाही…

८ नोव्हें., शनि.
रूपाली आली. चेहरा उतरलेला. सातच पोरं आलीत. पालक येतात, बघतात, किट हातात घेतात, 'कळवतो' म्हणतात आणि जातात. घरी सासूबाईंचं एकच पालुपद, पंधरवड्यात सही केलीस, पितरं कोपली. नवरा म्हणतो, सांगितलं होतं, ऐकली नाहीस. आता शांती करायची म्हणतात.
मग मला म्हणाली, "सर, तुमी सांगा. खरंच असतंय का हो असलं काही?"
विज्ञानाचा मास्तर मी. ग्रहणाच्या दिवशी पोरांना मुद्दाम बाहेर काढून चिवडा खायला लावणारा. नाही म्हणायला एक सेकंद पुरला असता.
म्हणालो, "काही सांगता येत नाही बाई."
मान हलवून गेली. सुनंदा चहाचे कप घेऊन दारात उभी होती, तिनं ते तसेच परत नेले. नंतर म्हणाली, "पालकांना काय सांगता ते मला आत ऐकू येतं. म्हटलं, जाऊ दे, पुरुषाची जात, चार दिवस धुसफुसेल. पण आज हे काय बोललात?"
पेपर तपासत बसलो. एकाला बरोबर उत्तराला शून्य दिलं, मग खोडून दुरुस्त केलं.

१६ नोव्हें., रवि.
शांती झाली. मला आग्रहाचं बोलावणं, सर पाहिजेतच. रूपाली डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसली होती, सांगतील तसं पाणी सोडत होती. सासूबाई येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होत्या, "शिकली जास्त, म्हणून मोठ्यांचं ऐकत नाही." तिनं एकदाही वर बघितलं नाही. दहावीत असताना माझ्याशी वाद घालायची ही, प्रकाश वाकतो का यावर, आणि जिंकायची.
जेवण चांगलं होतं. दोनदा वाढून घेतलं मी. लाज कुठं गेली होती कुणास ठाऊक.

२४ नोव्हें., सोम.
सकाळीच आली. सेंटर सोडतेय. घरचे दुकानाच्या कॉम्प्युटरवर बस म्हणतात. कंपनी म्हणते, दुसऱ्याच्या नावावर करून देऊ. "सर, तुमी घ्या. दुसऱ्या कुणाला द्यायला जीव होत नाही. पालक तुमचं ऐकतात, तुमच्या नावावर धावंल."
आणि वर हे : "अदितीचे वडील म्हणत होते, सरांनीच नको सांगितलं म्हणून. भांडले मी त्यांच्याशी. म्हटलं, आमच्या सरांचं नाव मधी आणू नका, ते असं बोलणार न्हाईत."
मी खिडकीकडं बघत राहिलो. "बघू," म्हणालो.

२६ नोव्हें., बुध.
आनंद झालाय. लिहूनच टाकतो. आतून गुदगुल्या, चोरून दूध प्यायलेल्या मांजरासारख्या. वर्ग कसा लावायचा, कुठलं टेबल कुठं, मनात चालूच आहे. मध्येच तिचा चेहरा येतो आणि मांडलेलं सगळं विस्कटतं.
सुनंदाला विचारलं, घेऊ ना? "मनासारखं झालंय की. मला काय विचारता?" दोन दिवस कामापुरतंच बोलतेय.

२९ नोव्हें., शनि.
कंपनीवाल्याला होय कळवलं. सोमवारी सही.
दुपारी सेंटरवर गेलो, खोली नीट बघावी म्हणून. सातही पोरं होती. रूपाली जमिनीवर मांडी घालून बसलेली, केस वर बांधलेले, हाताला काळं. कुणाची तरी गाडी चालत नव्हती. ती सांगत नव्हती काय बिघडलंय, नुसती विचारत होती, "मग? आता काय करून बघशील?" पोरं एकमेकांवर ओरडत होती. मला असं कधी जमलं नाही. दारातच उभा राहिलो.
तिनं बघितलं. "या सर, या. पोरांनो, हे माझे सर. पुढच्या महिन्यापासून हेच शिकवणार तुमाला."
गाडीवाली पोरगी, सात-आठ वर्षांची, मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "मग मॅडम का चालल्या?"
रूपाली हसली. "सरांनाच विचार. सर खरं तेच सांगतात."
सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. रूपालीपण.
म्हटलं, "सोमवारी सांगतो हं बाळ."
"आत्ता सांगा की," पोरगी म्हणाली.