पेनाचा गळा

नाना, आज तुमचं काळं पेन पुन्हा उघडून बसले आहे. उघडून म्हणजे काय, गळ्याला तडा आहेच; हात लावला की दोन तुकडे वेगळे होतात. निब, तिच्याखालची बारीक खाचांची जीभ, आणि वाळून खारीक झालेली आतली रबरी पिशवी, सगळं रुमालावर मांडलंय. कुठला भाग कशानं मोडतो ते आता मला कळतं. कळून उपयोग काही नाही. एबोनाइट, म्हणजे पेनाचं हे कडक काळं रबर, तडकलं की सांधत नाही, हे तुम्हीच सांगायचात.

धुळ्याला कचेरीसमोर जिन्याखाली तुमचं पेनदुरुस्तीचं दुकान होतं आणि कॉलेजच्या सुट्टीत मी तिथे बसायचे. जुन्या पेनांचा गळा, म्हणजे निब धरणारा पुढचा भाग, लाखेनं चिकटवलेला असतो, लाख मऊ झाल्याशिवाय तो फिरत नाही. बाकीचे दुरुस्तीवाले पेन गरम पाण्यात बुडवून मोकळे व्हायचे. काळं पेन त्यानं तपकिरी पडतं, म्हणून तुम्ही ते फडक्यात गुंडाळून पत्र्यावर उन्हात ठेवायचात. थंडीत कुणी वकील हटून बसलेलं पेन घेऊन आला तर सरळ सांगायचात, "वैशाखमा या भाऊ, आते उनमा दम नही." लोक हसायचे आणि पेन ठेवून जायचे. एकदा मी जोर लावून पिळायला गेले तर हातावर चापट बसली. "पेनना गळा शे हाऊ, कोंबडीना नही!" मग महिनाभर येईल त्याला तो किस्सा ऐकवलात. मला राग यायचा. आता वाटतं, तेवढं तरी कुणी रागवावं.

झटका आला तो ऐन पौषात. वाचा गेली, उजवी बाजू गेली. चोपड्याच्या शाळेत मी नुकतीच कायम झाले होते, ती नोकरी मला सोडायची नव्हती. रजा टाकून आले. तुमच्या डाव्या हातात जोर नव्हता. बॉलपेन दाबावं लागतं, हे तुमचं काळं पेन नुसतं टेकवलं तरी लिहायचं. पाणी, उशी, दिवा, असे वेडेवाकडे शब्द तुम्ही वहीत काढायचात. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही लिहिलंत, 'बेटा, तू चोपडा', आणि शाई थांबली. तुम्ही निब टेकवत राहिलात, कागदावर नुसते ओरखडे. मग डाव्या हातानं खिडकीकडे दाखवू लागलात. मी आईला म्हटलं, "नाना म्हणतायत पेन उन्हात ठेव. पौषात कुठलं आलंय ऊन!" आणि पेन घेऊन स्टोव्हपाशी बसले. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना बेटा, काय घाई शे?" मी ऐकलं नाही. गळा जरासा शेकला आणि फडक्यात धरून पिळला. तो तडकला. तुम्ही बघत होतात.

संध्याकाळी मी नवं पेन आणलं, तुम्ही ते बाजूला सारलंत. त्यानंतर वहीला हात लावला नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाहीत. आठव्या दिवशी गेलात. 'चोपडा सोड' लिहायचं होतं की 'चोपडा सोडू नको', ते मला कधीच कळणार नाही. मी चोपड्याला परत गेले, तिथेच निवृत्त झाले. या तीस वर्षांत वर्गात खडू हातात घेतल्यावर कितीदा ते वाक्य मी मनात पुरं केलं, कधी असं, कधी तसं. एकदाही तुमच्या आवाजात ऐकू आलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. सगळ्यांना मी सांगत आले की घाईत माझ्या हातून पेन मोडलं. नाना, खिडकीत शाईची दौत होती. तुम्ही दौत दाखवत होतात. निब बुडवून दिली असती तर तुमचं वाक्य पुरं झालं असतं. ते मला तेव्हाच, स्टोव्हपाशी बसण्याआधीच, कळलं होतं.