एक टॅब उघडा आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी

नवी नोकरी, म्हणून नवी वही! चिमणी, म्हणजे आमची सहा वर्षांची लेक, सकाळी दारापर्यंत पोचवायला आली. आईला नोकरी लागल्याचा रुबाब माझ्यापेक्षा तिलाच जास्त.

कानाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं हे तक्रार कार्यालय. तिसरा मजला, एक लांबट खोली, अकरा टेबलं, एकच दार. सगळे इतकं हळू बोलतात की यांनाच यंत्रं बसवावीत असं वाटलं. प्रमुख आहेत मोठ्या बाई. माझी खुर्ची त्यांनी स्वतः पुसून दिली. सगळ्यांचे संगणक धडधाकट ठेवायचे, एवढंच माझं काम. पहिली तक्रार ऐकून हसूच आलं. म्हणे प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये एक टॅब उघडा आहे, तो बंदच होत नाही. म्हटलं, हे तर माझ्या हातचा मळ. उद्या दुपारपर्यंत निकाल लावते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

निकाल लागला नाही. टॅबला नाव नाही, पान कोरं, वर एक चक्र नुसतं फिरत असतं. फुलीवर टिचकी मारली की चौकट येते: ‘काम अपुरं आहे. निघायचं?’ खाली दोन बटणं, ‘निघा’ आणि ‘थांबा’. ‘निघा’ दाबलं की टॅब मिटतो आणि हुश्श म्हणेपर्यंत परत हजर. ब्राउझरला जोडलेली सगळी एक्स्टेन्शन्स काढली, साठवलेली माहिती पुसली, ब्राउझर उपटून पुन्हा बसवला, वायर काढून संगणक थंड केला. चिकट पाहुण्यासारखा हा पुन्हा ठाण मांडून बसलेला!

शेजारच्या टेबलावर एक काका ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं लिहितात. मी त्यांना उत्तरकाका म्हणते. ते म्हणाले, असू दे पोरी, सवय होते. मला कसली सवय होतेय? मी हट्टी आहे.

लोक मात्र भलतेच कामसू. सकाळी मी येते तेव्हा सगळे बसलेले, पाचला निघते तेव्हाही बसलेलेच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

या खोलीत जेवताना फक्त मी दिसते. बाकीच्यांचे डबे टेबलावर असतात, पण उघडत नाही कोणी. मोठ्या बाईंच्या डब्याच्या कडीवर धूळ आहे. विचारलं तर हसून म्हणाल्या, थोडं काम उरकलं की खाऊ.

माझा संगणक एकटाच स्वच्छ आहे. म्हणजे टॅब यंत्राला चिकटलाय की माणसाच्या खात्याला, एवढंच शोधायचं राहिलं. उत्तरकाकांच्या संगणकावर दोन मिनिटांसाठी माझं स्वतःचं खातं उघडलं. दुसऱ्याच्या यंत्रावर आपलं खातं उघडू नये, हे मीच शंभर जणांना बजावलं असेल. काका पुढे झाले, नको नको म्हणाले. मी ऐकते कसली!

माझ्या टेबलाशी परत आले तर माझ्या पडद्यावर तो टॅब. चक्र फिरतंय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नीट लिहायला हवं, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

काल पाचला पर्स घेतली, दार उघडलं. बाहेर जिना नव्हता. बाहेर हीच खोली होती. अकरा टेबलं, मोठ्या बाई, उत्तरकाका, आणि रिकामी खुर्ची माझी. मी वळले, पुन्हा दार उघडलं. पुन्हा हीच खोली. किती वेळा केलं ते मोजलं नाही. कोणी हसलं नाही. उत्तरकाकांनी पाणी दिलं आणि सांगितलं की तेही संगणक दुरुस्तीलाच आले होते, हाच टॅब बंद करायला. कधी, ते आठवत नाही म्हणाले. माझी पाचावर धारण बसली.

फोन लागतो, एवढं नशीब. नवरा घ्यायला आला होता. तो म्हणतो तिसऱ्या मजल्याला बाहेरून कुलूप आहे आणि आत अंधार. मी आतून दारावर मुठी आपटत होते. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

शनिवार, ८ (बहुधा)

मूर्ख. मूर्ख मी. चिमणीचा टॅब्लेट माझ्याच खात्यावर चालतो.

नवरा सांगत होता, सकाळपासून ती टेबलापाशी टॅब्लेट घेऊन बसलीय, जेवायला उठत नाही, हलवलं तरी मान वर करत नाही. म्हणते, थोडं राहिलंय. सहा वर्षांची पोर! तिचं काय राहिलंय? टॅब्लेट बंद होत नाही, हातातून सुटत नाही.

खात्यात शिरून तिचा टॅब्लेट यादीतून काढायला घेतला. चौकट आली: ‘तिथलं अपुरं काम तुमच्याकडे घ्यायचं?’

मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, विचार कर, मग दारही राहणार नाही. विचार कसला करायचा? दाबलं.

दहा मिनिटांत फोन आला. चिमणी उठली. जेवली. आई कधी येणार म्हणून रडली. माझा जीव भांड्यात पडला. मीही रडले, सगळ्यांसमोर, मोठमोठ्यानं.

माझ्या पडद्यावर आता दोन टॅब आहेत. दार होतं तिथे भिंत आहे. असू दे. ती सुटली.

वार माहीत नाही

भूक लागत नाही. डबा उघडावासा वाटत नाही. ग्राहकांच्या चार पत्रांना उत्तरं लिहिली. कोणी सांगितलं नव्हतं—

चिमणीचा चेहरा रोज आठवायचा. मुद्दाम. डाव्या गालावर तीळ. पुढचा दात पडलेला.

नंतर

खात्याच्या यादीत नवं यंत्र. नवऱ्याचा फोन.

त्याला सांगितलं होतं. दहादा सांगितलं होतं, माझं खातं कुठेही उघडू नकोस. मला सोडवायला निघाला असेल. दोन मिनिटांसाठी—

यादीतून काढायला गेले. बटणच उमटत नाही. उत्तरकाका म्हणाले, एका माणसाला दोनच झेपतात.

नंतर

तो फोन उचलत नाही.

उचलत नाही.

उचलला. चिमणी. म्हणाली बाबा टेबलापाशी बसलेत, केव्हाचे, बोलतच नाहीत. फोन तिनं त्यांच्या हाताखालून ओढून घेतलाय. त्यावर एक चक्र फिरतंय म्हणाली.

ओरडले. फोन खाली ठेव, तसाच चालू राहू दे, कशाला हात लावू नकोस, चपलाही राहू देत, धावत शेजारच्या काकूंकडे जा—

ऐकलं तिनं. गुणी पोर. पावलं ऐकू येतायत. स्टूल ओढलं. कडी—

दार उघडलं.

हाक मारतेय. लांबून. म्हणतेय, आई, बाहेर पण आपलंच घर आहे. इथे पण बाबा बसलेत—

तिला म्हटलं, चिमणे, खिडकीपाशी जा, पडदा सरकव, काय दिसतं ते सांग—