तीन दिवस आंबट वर्ज्य

सोमवार, ३ नोव्हेंबर
स्वस्ति श्री मयूरविहारनिवासी, तृतीयतलाधिष्ठित, नादुरुस्त-उद्वाहक-पीडित, केंद्रशासनसेवाधुरंधर, राजभाषानुवादविशारद, परिपत्रपंचानन, चतुःपंचाशद्वर्षीय श्रीमान श्रीधरपंत यांचं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक एक भरलं. पदव्या विपुल, रक्त नाही.

जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं, म्हणून तपासणी. डॉक्टरीणबाईंचा आदेश: लोहाची गोळी रोज, सोबत व्हिटॅमिन सी, म्हणजे लोह अंगी लागेल. शिवाय मलपरीक्षा. डोळ्यांना न दिसणारं रक्त आतून जातंय का, ते पाहायला. "बस, रूल आउट करना है." रूल आउट म्हणजे राजभाषेत 'अपवर्जन'. कशाचं, ते बाईंनी उच्चारलं नाही. अस्मादिकांनी विचारलं नाही.

मंगळवार, ४
केमिस्टकडे सी-जीवनसत्त्वाचं विश्वरूपदर्शन. फसफसणारं, गिळायचं, चघळायचं, जस्तसहित, जस्तविरहित. "अंकल, हजारवाला ले जाओ, दिल्ली की हवा है." पाचशेचं चघळायचं घेतलं, संत्र्याच्या चवीचं. सौ.: "औषध आहे ते, खाऊ नव्हे. रोज एक."

शुक्रवार, ७
प्रयोगशाळेतून नमुन्याची डबी आणली. काउंटरवरची मुलगी कागद देता देता म्हणाली, "अंकल, तीन दिन खट्टा बिल्कुल बंद." कागद न वाचता फायलीत. कार्यालयीन शिरस्ता.

लिंबू, लोणचं, दही, आमसूल, सर्व वर्ज्य. आज सौ.ची आमटी आमसुलाविना. तिला आमटी म्हणवेना. लिंबू सुटल्यानं उणीव राहू नये म्हणून चघळगोळी एकीऐवजी दोन. ती गोड आहे, सबब आंबट नव्हे. युक्तिवाद अभेद्य. सौ.नंही मान डोलावली.

सोमवार, १०
नमुना सादर. वर्णन या रोजनिशीच्या प्रतिष्ठेस शोभणारं नाही. वर्ण कृष्ण, एवढंच. लोहाच्या गोळीनं तसं होतं, असं बाई म्हणाल्या होत्या. दुसऱ्या कारणानंही होतं. ते मी स्वतः शोधून वाचलं. वाचायला नको होतं.

बुधवार, १२
निगेटिव्ह!
सौ.नं देवापुढे साखर ठेवली, मग पुण्याला कन्येस फोन: "बाबांना काही नाही गं. नुसता अशक्तपणा. तू रजा टाकू नकोस, ये सावकाश." दहा दिवसांत ती आज प्रथम हसली. इतके दिवस हसत नव्हती, हे मला आज कळलं.

शनिवार, १५
रिपोर्ट फायलीत लावताना तो कागद हाती आला. वाचला. "जाँच से तीन दिन पहले विटामिन सी की गोलियाँ तथा खट्टे फल न लें। रक्त होने पर भी परिणाम निगेटिव आ सकता है।"

आधी गोळ्या. मग फळं. काउंटरवरच्या मुलीनं घाईत उत्तरार्ध तेवढा सांगितला आणि मी त्यावर भाष्य रचलं. इतरांच्या अनुवादात काय गळलं ते लाल शाईनं दाखवण्यात माझी हयात गेली.

तीन दिवस, सहा गोळ्या.
सौ. आत मटार सोलत गुणगुणतेय. सांगायला उठलो, पाणी पिऊन परत बसलो.

सोमवार, १७
सांगितलं नाही. फेरतपासणी करावी लागेल म्हणून चघळगोळी मात्र गुप्तपणे त्यागली. सायंकाळी सौ.नं बाटली तपासली. "अहो, कालचीच राहिलीय, आजचीही?" "विस्मरण." "हात करा." तिच्यादेखत मुखात धारण केली, बाथरूममध्ये जाऊन थुंकलो. परिपत्रपंचानन!
आज जिन्यात पहिल्याच मजल्यावर बसलो.

मंगळवार, १८
"बेसिनमध्ये हे केशरी काय आहे हो?"
सांगितलं. सगळं, कागदासकट. तिनं तो दोनदा वाचला.
"शब्दांचे अर्थ लावायचा पगार घेता ना तुम्ही?"
कागदाची घडी घालत म्हणाली, "म्हणजे ते निगेटिव्ह खोटं?"
"खोटं असं नव्हे. अनिर्णीत."
"मला तुमचे शब्द नकोत. आहे की नाही, ते सांगा."
"डॉक्टरीणबाईंना फोन लावतो," म्हणालो. ती मटार फ्रीजमध्ये ठेवायला गेली आणि बराच वेळ फ्रीजचं दार उघडंच होतं.

डॉक्टरीणबाई फोनवर: "वो रिपोर्ट भूल जाइए. सी बंद कीजिए, तीन दिन बाद दोबारा. और सर, इस बार पर्चा पढ़के."
कन्येस अद्याप कळवलेलं नाही. सौ. म्हणते, कळल्यावरच कळवू.

शनिवार, २२
द्वितीय नमुना सादर. तत्पूर्वी सौ.नं कागद मोठ्यानं वाचला, ओळ न ओळ. मी प्रत्येक ओळीस "मान्य" म्हटलं. परतताना रिक्षात तिनं माझा हात धरला होता. बाहेर धूर इतका की समोरची बस दिसेना.

सोमवार, २४
सायं. पाच वाजता संदेश: रिपोर्ट तयार. सौ. चष्मा लावून शेजारी. फाइल कुलूपबंद, पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं व जन्मवर्ष. एस-एच-आर-आय: चूक. एस-एच-आर-डबल ई घालावं, तर अक्षरं पाच. चारच घातली: चूक. सौ.: "पावती बघा ना आधी!" पावतीवर मी 'सिरधर' आहे. एस-आय-आर-डी: चूक, आणि खातं अर्धा तास बंद. मदतवाहिनीवरचा इसम म्हणाला, "सरजी, नाम आधार से मैच नहीं कर रहा. करेक्शन फॉर्म भर दीजिए, ऑनलाइन है." फॉर्मचं पान उघडलं. ते उघडल्याबरोबर तोच पासवर्ड मागतंय.