पेंढ्यात भरलेले भुईनळे

मिरजोळे, रत्नागिरी
२८ ऑगस्ट २००४

प्रिय तुळसे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. फाडू नको गो, आधी वाच, मग चुलीत घाल हवं तर. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही मी, आणि आज हिला अचानक काय आठवण झाली, म्हणशील. जीव भांड्यात पडलाय माझा, बाय, आणि ते सांगायला तुझ्याशिवाय दुसरं माणूस सुचेना. आपल्या कारखान्याच्या पेट्या तपासणीत पास झाल्या. आणि दुसरं म्हणजे, तुळसाच्या ढिल्या पेटीनं टेंपो जाळला असं जे तुझ्याबद्दल गावभर झालं होतं, ते खोटं ठरलं. मालकांसमोर आणि टेबलावरच्या सगळ्या बायकांसमोर खोटं ठरलं. एवढं वाचलंस ना? आता पाणी पी, बाकीचं सावकाश सांगते.

झालं असं, की सलिलशेठना यंदा मॉरिशसची ऑर्डर मिळाली. तिकडं आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत म्हणे, त्यांना दिवाळीला फुलबाज्या आणि भुईनळे हवेत. शेठचे पाय जमिनीला लागेनात. पण शोभेची दारू बोटीवर चढवायची म्हणजे माल टेंपोत टाकला, ताडपत्री बांधली, असं चालत नाही. बोटवाले आधी कागद मागतात, माल किती धोक्याचा आणि पेटी किती मजबूत याचा. त्यासाठी पुण्याहून उन्मेष नावाचे तपासनीस आले. वय पस्तिशीचं, जाड चष्मा, आणि बोलणं इतकं हळू की आपली यमुनाबाई दर वाक्याला कानामागं हात लावायची. पहिल्या दिवशीच मला म्हणाले, बाई, तुमच्या पेट्यांचे मी हाल करणार आहे, वाईट वाटून घेऊ नका.

आणि केले की मेल्यानं हाल! भुईनळे आधीच पुण्याला नेऊन दोन दिवस पंचाहत्तर अंशांच्या भट्टीत ठेवले होते. बोटीच्या पोटात उकाडा होतो ना, त्यात आपोआप पेटतात का ते बघायला. नाही पेटले. मग इथं रघू ड्रायव्हरला आपल्या पाण्याच्या टाकीवर चढवलं आणि भरलेली पेटी बारा मीटरवरून खाली लोखंडी पत्र्यावर सोडायला लावली. धप्प! आम्ही सगळ्या शेडच्या मागं, कानात बोटं घालून, डोळे मिटून. काही झालं नाही. मग छातीएवढ्या उंचीवरून पेट्या टाकल्या, एक आडवी, एक उभी, एक बरोब्बर कोपऱ्यावर. मग एका पेटीवर माणसाच्या डोक्याच्याही वर जाईल एवढ्या थप्पीचं वजन ठेवलं आणि चोवीस तास कोणी हात लावायचा नाही. यमुनाबाई त्या पेटीला विचारून आली, दमलीस का गो म्हणून.

शेवटची होळी. खरंच होळी! पेट्या मधे ठेवून भोवती लाकडं रचून पेटवायची आणि काय होतं ते लांबून बघायचं. पण श्रावण चालू, त्यात यंदा अधिकही होऊन गेलेला, सड्याच्या उघड्या कातळावर लाकूड कोरडं राहील तर शपथ. तीन दिवस आम्ही आभाळाकडं बघत बसलो. गुरुवारी सकाळी उघडीप मिळाली. पेट्यांच्या तिन्ही बाजूंना पातळ पत्र्याचे पडदे उभे केले, आम्हाला पार कुंपणापलीकडं पिटाळलं आणि लांबून बत्ती दिली. थोड्या वेळानं सरसर सरसर करत रंगीत ज्वाळा वर गेल्या. शेठ नुसता घाम पुसत होता. सगळं जळून विझल्यावर उन्मेष पडद्यापाशी गेले, पत्र्यावर बोट फिरवत निघाले, आणि एकाही पडद्याला भोक नाही! म्हणाले, जळायचंच झालं तर आपल्या जागी जळावं, शेजाऱ्याच्या अंगावर उडू नये, एवढंच पेटीनं करायचं असतं. शेठनं तिथल्या तिथं रघूला मिठी मारली.

आता पेटी कशी झालीय ते ऐक. पाच पदरी पुठ्ठ्याचं खोकं, आत लहान खोकी. प्रत्येक भुईनळ्याचं तोंड कागद डकवून बंद, दारूचा कण बाहेर येता कामा नये. लोखंडी खिळा एकही नाही, सगळं चिकटपट्टीवर. बाहेर नारिंगी रंगाची चौकटीची खूण. फट म्हणून नाही कुठं. आपण आंबेवाल्या बायका गो, आपल्याला फट नसलेली पेटी बघितली की गुदमरल्यासारखं होतं.

आंब्याच्या शेडमधले आपले नऊ सीझन आठवतात का? सकाळी मांडवीहून येणारी तू, कमरेला पदर खोचलेली, आणि मी आपली सगळ्यांवर डाफरत फिरणारी. पेंढा अंथरायचा, आंबा निजवायचा, वर पुन्हा पेंढा. फळाला वारा लागावा म्हणून फळ्यांमधे फट ठेवायची. झाकणाला खिळे मारायचे आणि आपापल्या नंबराची चिठ्ठी आत टाकायची, तक्रार आली तर हात कोणाचा ते कळावं म्हणून. तुझा सात नंबर मुंबईचे दलाल मागून घ्यायचे. माझ्या एक नंबरला कोणी विचारत नव्हतं, याचा मला किती राग यायचा ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

आंबा संपला की पावसाळाभर आपण रिकाम्या, म्हणून दोघी मिळून शेठच्या या कारखान्यात आलो. मी दहावी शिकलेली, म्हणून मला पॅकिंगची मुख्य केली. तू टेबलावर, भरायला. तिथंच माझ्या डोक्यात हवा गेली.

२००१ च्या दसऱ्याचा आठवडा आठव. कोल्हापूरला भुईनळे जायचे होते, शेठ मुंबईला गेलेला, आणि पुठ्ठ्याची खोकी घेऊन येणारी गाडी घाटात दरड पडल्यामुळे अडकलेली. बायका हात बांधून बसल्या. मला वाटलं, माझी अब्रू जाते. पलीकडच्या आंब्याच्या शेडमधे रिकाम्या पेट्या पडल्या होत्या, गंजीला पेंढा होता. मी म्हटलं, आणा इकडं! दुबईला आंबे पाठवलेत आम्ही, कोल्हापूरला भुईनळे पाठवायला काय होतंय? तू एकटी बोललीस. म्हणालीस, उमाताई, पेंढा आणि दारू एका पेटीत बरं नव्हे. मी तुला काय म्हटलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, मुख्य तू का मी? मग तू गप्प बसून भरायला लागलीस, आणि नेहमीसारखी घट्ट, नीट भरलीस, सवयीनं चिठ्ठीही टाकलीस.

टेंपो हातखंब्याच्या नाक्याला चहाला थांबला. रघू खाली उतरला म्हणून वाचला. मागून धूर आला, ताडपत्री सोडायला धावला तर भडका. त्याच्या भुवया गेल्या, डाव्या हाताची कातडी सोलली. महिनाभर बिचारा हात वर धरून फिरत होता. टेंपोचा नुसता सांगाडा उरला. राखेच्या बाजूला अर्धवट जळालेली एक पेटी पडली होती आणि तिच्यात चिठ्ठी. सात नंबर.

शेठ दुसऱ्या दिवशी आला तो लालबुंद होऊन. सगळ्यांसमोर त्यानं मला विचारलं, ही पेटी कोणाची? मी म्हटलं, तुळसाची. पुढं त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तू माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी होतीस. तू माझ्याकडं बघितलंस, मी जमिनीकडं बघितलं. तू तोंड उघडलं असतंस तर मी त्याच दिवशी घरी गेले असते. पण आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते, आणि रोज संध्याकाळी त्यांना पेज भरवायला तूच येत होतीस. तुला माझ्या घराची अवस्था ठाऊक होती. म्हणून तू काही बोलली नाहीस. पदर खोचलेला सोडलास आणि निघून गेलीस. पुढच्या एप्रिलात तुला आंब्याच्या एकाही शेडमधे कोणी उभं केलं नाही, जळक्या हाताची म्हणून. मग तू चिपळूणला भावाकडं गेलीस, असं मी बाजारात ऐकलं, आणि त्याचा पत्ता विचारून ठेवला. हे आता काठी घेऊन अंगणात फिरतात, आणि महिन्यातून एकदा तरी विचारतात, तुळसा येत का नाही गो? मी म्हणते, तिला वेळ नसतो.

आता ऐक, या आठवड्यात काय झालं ते. उन्मेषांच्या कागदात एक प्रश्न होता, की मागं कधी अपघात झाला होता का, झाला असेल तर माल कसा भरला होता आणि कारण काय. शेठनं सांगितलं, लिहा, लाकडी पेटी, बाईची चूक. उन्मेष म्हणाले, मला तशीच एक पेटी भरून दाखवा. कोण भरणार? मीच भरली. पेंढा, भुईनळे, पेंढा, खिळे. हात कसा आपसूक चालला ते बघून माझी मलाच शिसारी आली. ती पेटी रघूनं टाकीवरून सोडली. उघडली तर भुईनळ्यांच्या तोंडातून दारू गळून सगळा पेंढा काळा. सर थांबल्यावर उन्मेषांनी त्यातला मूठभर लांब सड्यावर नेऊन ठेवला आणि काठीच्या टोकाला बांधलेली उदबत्ती लावली. भस्सकन! माणसाएवढी ज्वाळा. शांतपणे म्हणाले, टेंपोच्या हादऱ्यानं दारू अशीच गळते, खिळ्यावर खिळा घासला की ठिणगी, आणि फटींतून वारा आहेच. ही पेटी जगातल्या कितीही चांगल्या हातानं भरली असती तरी जळालीच असती. भरणाऱ्याचा दोष नाही, हे भरायला सांगणाऱ्याचा आहे. मग त्यांनी कारणाच्या रकान्यापुढं पेन धरलं आणि विचारलं, कोणी सांगितलं होतं?

तुळसे, शेठ माझ्याकडं बघत नव्हता, त्याला ठाऊकच नव्हतं. रघूला ठाऊक नव्हतं. जुन्या बायकांना ठाऊक होतं, पण यमुनाबाईसुद्धा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी. पुन्हा गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, मी. मोठ्यानं म्हटलं, यमुनाबाईलाही एका झटक्यात ऐकू गेलं. तुळसा नको म्हणत होती, मी तिला गप्प केलं, आणि मागाहून तिचं नाव पुढं केलं. सगळं सांगितलं. रघूच्या पाया पडायला वाकले तर तो दोन पावलं मागं सरला आणि शेडबाहेर निघून गेला. ते मला मिळायलाच हवं होतं. शेठ इतका ओरडला की टाकीवरचे कावळे उडाले. उन्मेषांनी कागदावर माझं नाव लिहिलं, खाली मी सही केली. मला वाटलं आता कागद अडणार, ऑर्डर जाणार, वीस बायकांच्या पोटावर पाय येणार. पण ते म्हणाले, कारण कळलं आणि पेटी बदलली, मला याहून जास्त काही नको. होळी झाली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी. पास! त्या रात्री मी तीन वर्षांत पहिल्यांदा पाठ टेकल्याबरोबर झोपले. ह्यांना सगळं सांगून झोपले. ते म्हणाले, आता पत्र लिही.

म्हणून लिहितेय. शेठनं मला मुख्य पदावरून काढलं, टेबलावर बसवलं, आणि बरं केलं. काल मला बोलावून म्हणाला, तुळसाचा पत्ता दे. मी म्हटलं, आधी मी लिहिते, तुमचं पत्र तिनं उघडलंच नाही तर? त्याला तू हवी आहेस, टेबलावर नव्हे, माझ्या जागेवर. जिनं नको म्हटलं होतं तिच्याच हाताखाली पेट्या जाव्यात, असं उन्मेषांनीच त्याला सांगितलंय. माफ कर असं मी लिहीत नाही, ते मागायचा मला हक्क नाही. यायचं का नाही ते तू ठरव. आलीस तर मी तुझ्या हाताखाली काम करीन आणि तू डाफरलीस तर ऐकून घेईन. नाही आलीस, तरी आंब्याच्या चारही शेडवाल्यांच्या घरी जाऊन काल मी माझ्या तोंडानं सांगून आले आहे, की पेंढा मी भरायला लावला होता.

तुझीच, तू ठेवशील तर,
उमा