चौथ्यांदा "या ना"

आदरणीय मामा हाज मोतवल्ली यांच्या सेवेशी,

अलेक्झांड्रियाहून तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा वजीह याचा सलाम. तुमची तब्येत, नाईमा मामीचा गुडघा, दोन्ही गाढवं आणि मागच्या ओसरीतली खारवलेल्या माशांची पिंपं, सगळं खुशाल असावं अशी दुवा करतो. आमच्याविषयी विचाराल तर (विचारणार नाही हे ठाऊक आहे, पण पत्रात असं लिहावं लागतं) आम्ही मजेत आहोत, उणीव आहे ती फक्त तुमच्या दर्शनाची. इतरांच्या पत्रात हे वाक्य रीत म्हणून येतं. माझ्या पत्रात ते शब्दशः खरं आहे, कारण "नाव काठाला बांधायला शिकशील तेव्हा ये, तोवर इदकूच्या रस्त्याला लागू नकोस," असं तुम्ही म्हणालात त्याला पाच वर्षं होत आली, आणि मी खरोखर लागलेलो नाही.

त्या नावेबद्दल मी आज काही लिहिणार नव्हतो. पण विषय निघालाच आहे (मीच काढला, मान्य आहे), तर एवढंच सांगतो की त्या दुपारी तळं आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. वेतांच्या बेटात एक खंड्या बसला होता. तो उडाला की वेत हलायचा, आणि वेत हलला की पाण्यातला वेतही हलायचा, थोड्या वेळानं, सावकाश. मी ते किती वेळ बघत होतो कोण जाणे. भानावर आलो तेव्हा दोरी माझ्या हातात होती, अगदी नीट गुंडाळलेली, आणि आजोबांची नाव वाऱ्याबरोबर, तळं समुद्राला मिळतं त्या तोंडाशी पोचून दगडांवर आपटत होती. दोरी मी शेवटपर्यंत सोडली नव्हती, हे मात्र तेव्हा कोणी लक्षात घेतलं नाही. असो. तुम्ही रागावलात त्यात तुमची चूक नव्हती. आजोबांची नाव होती ती.

तर इंजिनियरिंगचं कॉलेज. हे शेवटचं वर्ष. पाच वर्षांपैकी चार कशी गेली हे मला सांगता येणार नाही, आणि हे पाचवं तर चाललंय की थांबलंय तेच कळत नाही. आम्ही चौघं दुपारी वास्तुकलेच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन बसतो. तिथून दोन घरांच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसते, बोटभर रुंद. हिवाळ्यातली वादळं आम्ही त्या पट्टीतच पाहिली, एकामागून एक, दिनदर्शिकेत त्यांची नावं छापलेली असतात त्याप्रमाणे ठरल्या दिवशी आलेली. आता वादळं संपली. गच्चीवर कोणाचे तरी पलंगपोस वाळत असतात, त्यांत वारा भरतो, आणि डोळे अर्धे मिटले की आपण कुठेतरी निघालोय असं वाटतं. परीक्षा मे महिन्यात आहे. आईनं विचारलं तर अभ्यास चालू आहे असं सांगावं.

माझे तिघे मित्र तुम्हाला माहीत नाहीत, पण त्यांना तुम्ही चांगले माहीत आहात. एक वनीस, घड्याळजीचा मुलगा, आमच्याच गल्लीतला. त्याच्या बापाच्या दुकानात साठ घड्याळं आहेत आणि हा पाच वर्षांत एकदाही तासाला वेळेवर आलेला नाही. दुसरा अब्दुस्समी, वरच्या इजिप्तातला, पार दक्षिणेकडचा, सोहागचा. दारातून वाकून येतो, शब्द दिला की मोडत नाही, आणि दुसऱ्याला मोडू देत नाही. तिसरी इनास. ती आमच्या तिघांचाही अभ्यास करते (तिचा वेगळा). या तिघांना तुमच्या घराच्या खिडक्या निळ्या आहेत हे माहीत आहे, डावीकडच्या खिडकीचं एक दार लागत नाही हेही माहीत आहे. मामी कोंड्यात घोळून भाजते तो बोईट मासा त्यांनी कधी खाल्लेला नाही, पण त्याच्या कातडीचा आवाज कसा होतो ते वनीस तोंडानं करून दाखवतो.

हे सगळं मी सांगितलं. काय करणार, मामा, तोंडाची सवय. आपल्याकडे कोणी जिना चढताना भेटला तरी आपण "या, जेवूनच जा" म्हणतो, तो "तुमचं घर भरलेलं राहो" म्हणतो, आपण पुन्हा म्हणतो, तो छातीवर हात ठेवतो, आपण तिसऱ्यांदा म्हणतो, तो उतरून जातो आणि दोघंही खुशीत. मी पहिल्या वर्षी, उसळ भरलेल्या रोटीच्या रांगेत, वनीसला असंच म्हटलं, "सुट्टीत इदकूला ये, माझ्या मामांकडे." तो रीतीप्रमाणे नाही म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी मी अब्दुस्समीला बोलावलं. बोलावताना घराचं वर्णन करावं लागतं. वर्णन करताना मी तिथे जाऊन येतो. पाच वर्षांत मी तुमच्याकडे किती वेळा येऊन गेलो ते तुम्हाला कळलंच नाही.

आणखी एक कबुली. दर उन्हाळ्यात मी त्यांना सांगतो की मामांकडे चाललो. मग गाडीनं अबू किरपर्यंत जातो (शेवटचं स्टेशन, त्यापुढे गाडीच जात नाही, त्यामुळे तुमचा हुकूम मोडायची भीती नाही), धक्क्यावर बसून दिवसभर पूर्वेकडे, इदकूच्या दिशेनं, बघतो, आणि येताना बाजारातून खारवलेले बोईट घेऊन "मामांनी पाठवलेत" म्हणून वाटतो. गेल्या वर्षी इनास म्हणाली, तुझ्या मामांचा हात मिठाला जड झालाय. मी तुमची बाजू घेऊन इतका भांडलो की ती दोन दिवस बोलली नाही.

यंदाचा शेवटचा प्रकल्प म्हणून मी तळ्याकाठच्या कोळ्यांची वसाहत काढली. चाळीस घरं. तुमचंच घर चाळीस वेळा, एवढंच, कारण दुसरं कुठलं घर मला मनापासून काढता येत नाही. नकाशात घराच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी एक माणूस काढायची पद्धत आहे. आमचे प्राध्यापक डॉक्टर रिफअत चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "बाळ, घरं चाळीस आणि माणूस एकच? बाकीचे मासे धरायला गेलेत का?" मी म्हटलं, उंचीच्या अंदाजासाठी आहे, डॉक्टर. "उंची कळली. पण हा प्रत्येक घराच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभा का? आणि एवढा रागावलाय कोणावर?" मागे वनीस खोकल्याचं सोंग करत होता. शेवटी डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "एका तरी घरासमोर त्याला खाली बसव रे." मी आठवडाभर प्रयत्न केला, मामा. तुम्ही बसत नाही. पेन्सिल टेकवली की उठून उभे राहता.

आता मूळ प्रसंग. मागच्या मंगळवारी आम्ही गच्चीवर होतो. समुद्राची पट्टी अगदी शांत, पलंगपोसांत वारा. बोलणं पुढचं चाललं होतं. अब्दुस्समीला जुलैत लष्करात हजर व्हायचंय. वनीसचा चुलतभाऊ त्याला कुवेतला बोलावतोय. इनासला सरकार नोकरीवर कुठे पाठवेल ते सरकारलाही माहीत नाही. ते पुढचं मला ऐकवेना, म्हणून मी म्हटलं, "शम्म नसीमला इदकूला या ना, मामांकडे." वसंताच्या सणाला सगळं शहर बाहेर पडतं, माणसानं काहीतरी म्हणावं. वनीस म्हणाला, "देव तुझ्या मामांना सुखी ठेवो, उगाच कशाला त्रास." मी म्हटलं, त्रास कसला, या ना. इनास म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू," आणि लगेच ओठ चावला, कारण पुढचं वर्ष नाहीये. मी तिसऱ्यांदा म्हटलं. अब्दुस्समीनं छातीवर हात ठेवला. इथे हे संपायला हवं होतं. आजवर इथेच संपत आलंय. पण समुद्राच्या त्या बोटभर पट्टीत त्याच वेळी एक शीड आलं, पांढरं, अगदी सावकाश, आणि ते दुसऱ्या घराआड जाईपर्यंत मी बघत राहिलो. बघता बघता माझ्या तोंडून पुन्हा गेलं, "या ना."

अब्दुस्समीनं छातीवरचा हात काढला. "चार झाले," तो म्हणाला.

"तीन रे," वनीस म्हणाला.

"चार. मी मोजलेत," इनास म्हणाली.

"मग आता नाही म्हटलं तर याच्या मामांचा अपमान होतो," अब्दुस्समी म्हणाला. "आमच्याकडे एवढ्यावरून दोन घराण्यांची बोलचाल बंद होते. वजीह, आम्ही येतो."

त्या क्षणी मला घाम फुटायला हवा होता. खरं सांगू? मला फार आनंद झाला. इतका की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो, आणि ती आधीच बांधलेली होती.

हे सगळं केवळ तुमच्या माहितीसाठी लिहिलं. माझी विनंती वगैरे काही नाही. मामीला सलाम, गाढवांना थोपटणं.

तुमचा भाचा,
वजीह

ता. क. — विनंती आहे. सण येत्या सोमवारी आहे. आम्ही चौघं सकाळी येऊ, तुमच्या अंगणात बसू, अंडी आणि हिरवा कांदा आमचा आम्ही आणू, तुमचे खारवलेले मासे असतील तर एखादा, आणि संध्याकाळच्या बसनं परत. मी मान खाली घालून राहीन. त्यांना मी नावेचं काहीच सांगितलेलं नाही, तेवढं त्या दिवसापुरतं झाकून न्यावं. शनिवारपर्यंत "ये" एवढंच एक अक्षर लिहिलंत तरी पुरे. नाही लिहिलंत तर मी त्यांना सांगेन की मामा कैरोला गेलेत, आणि त्यानंतर ही तिघं पुन्हा एकत्र कधी भेटतील मला माहीत नाही. नाव बांधायची गाठ मी अब्दुस्समीकडून शिकलो आहे, गच्चीवरच्या वाळवणाच्या दोरीवर. नमुन्यादाखल दोरीचा एक तुकडा गाठ मारून पाकिटात घातलाय. ओढून बघावी, सुटणार नाही.

पुन्हा ता. क. — चौघं नाही, पाच. इनासची आई म्हणते की मुलीला तीन इंजिनियरांबरोबर एकटीला पाठवायला ती वेडी नाही. बाई प्रेमळ आहे, स्वतःची खुर्ची घेऊन येते. मासे खात नाही.

अजून एक ता. क. — मामा, हा मजकूर हलत्या अक्षरात आहे कारण मी बसमध्ये आहे. आज सोमवार. तिकिटासाठी खिशात हात घातला आणि हातात हे पत्र आलं. मी ते टाकलंच नव्हतं. बुधवारी टपालपेटीपर्यंत गेलो होतो हे आठवतं, पेटीच्या पलीकडे लिंबाच्या झाडाला फुलं आली होती हेही आठवतं, त्यापुढचं आठवत नाही. म्हणजे गेले पाच दिवस मी ज्या उत्तराची वाट बघत होतो, ते न आल्यावर "मामांचं मौन म्हणजे होकार" असं जे ठरवलं, त्यात तुमचा काही हात नव्हता. पाकीट फाटलंय. दोरी आहे, गाठ सुटलीय. शेजारी इनासची आई मला संत्रं सोलून देतेय आणि विचारतेय, मामांना माझी खुर्ची चालेल ना. वनीस पहिल्यांदाच वेळेवर आलाय, बापाचा कोट घालून. अब्दुस्समीनं तुमच्यासाठी सोहागहून मागवलेला मध मांडीवर धरलाय, बस उसळली की तो बरणी वर उचलतो.

शेवटचं — आम्ही वाळूच्या टेकडीच्या अलीकडे, खजुरीखाली थांबलोय. "मामा झोपले असतील, मी आधी सांगून येतो," असं म्हणून मी एकटा पुढे आलो आणि तुमच्या कुंपणाशी बसून हे लिहितोय. मामी मागच्या चुलीपाशी आहे, तिच्या हातात पत्र देतो. ती मला बघून ओरडली नाही तर त्यासाठी तिच्यावर रागावू नका. मामा, बाहेर आलात की मला काय बोलायचं ते बोला, पाच वर्षांचं साठलेलं सगळं, मी एक शब्द काढणार नाही. फक्त माझ्यासाठी आवाज खाली आणू नका, मला बाजूला नेऊन बोलू नका, गोड तर मुळीच बोलू नका. तिथेच, त्यांच्यादेखत, मोठ्यानं शिव्या घाला. पाहुण्याला कोणी शिव्या घालत नाही. तेवढ्यावरून त्यांना कळेल की मी या घरचा आहे.