हिरवा खांब

रविवार, ४ मे

शेवटी भांडण झालंच! मधल्या खांबाला वाळवी लागलीय. पावसाच्या आत बदलला नाही तर छप्पर खाली येईल — शहापूरचे कमळाकर मिस्त्री बघून स्पष्ट सांगून गेले. सासरेबुवा खांबाला पाठ लावूनच बसले. "मी जिता हाय तवर याला हात नाय लावायचा!" माझा नवरा प्रणयही चढ्या आवाजात बोलला. सासूबाई भात वाढत राहिल्या.

सोमवार, ५ मे

हे घर सासऱ्यांनी मिस्त्रीच्या हाताखाली राबून उभं केलं, वीस वर्षांचे असताना. सगळे खांब सागाचे, धुराने काळे. फक्त मधला हिरवा! सासूबाई दर दिवाळीला ऑइलपेंट लावतात, दुसऱ्या कुणाला ब्रश देत नाहीत. हौस, दुसरं काय.

घर झालं, त्याच वैशाखात त्या लग्न होऊन आल्या. पावसाळ्यात सासऱ्यांचा धाकटा भाऊ साप चावून गेला. "अंबीचा पायगुण!" — सासूबाईंचं नाव घेऊन अख्खा गाव म्हणाला. अजूनही भावकीत हळद लावायला त्यांना कुणी पुढे बोलवत नाही. माझं डोकंच फिरतं.

मंगळवार, ६ मे

सासरे खर्डीला बाजाराला, सासूबाई भाताच्या रोपांसाठी राब भाजायला शेतावर. प्रणयने संधी साधून मिस्त्रींना बोलावलं. छपराला टेकू दिले, रंग खरवडला. मिस्त्री थांबलेच.

"वयनी, यो खांब उलटा हाय! गाठी बघा — शेंडा खाली, बुंधा वर. असा खांब घरातलं मानूस खातो म्हनतात. कुनी उभा केला?"

"मी."

सासरे दारात. पिशवी हातातच. "तवाचा मिस्त्री म्हसाच्या जत्रेला गेलावता. मी घाई केली. कळलं तवर वर तुळई बसली व्हती." मग खाली बघत, "तिला नका सांगू."

पन्नास वर्षं बाईने बोल ऐकले आणि हा माणूस गप्प! उद्या सासूबाईंना सांगणारच.

बुधवार, ७ मे

सांगितलं. सासूबाई चूल फुंकायच्या थांबल्यासुद्धा नाहीत.

"ठावं हाय गो. माझा बाप लाकूडकामच करायचा. पयल्या दिवाळीला पुसताना गाठी दिसल्या मना, तवाच रंग लावला." मग म्हणाल्या, "नव्या खांबाला बी हिरवाच लावू. नायतर त्यांना समजंल, मना ठावं व्हतं."