उरलेले पाच पूर्णांक चार टक्के

दि. ९ जुलै २०२५, बुधवार
(ठिकाण शेवटी लिहितो.)

प्रिय सोनू,

दादाचे अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा आता बरा असेल. तिला म्हणावं, पायरीवर बसून भांडी घासू नको. मी इकडं ठीक आहे, जेवणखाण वेळेवर होतं. पत्रात आधी हे लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता मुद्द्यावर येतो, कारण माझ्याकडं चार वाजेपर्यंतच वेळ आहे.

१४ जुलै २०२३, शुक्रवार, दुपारी तीन वाजून सात मिनिटं. माझं सगळं फिरलं ते त्या क्षणाला. क्लासच्या खालच्या सायबर कॅफेत मी बसलो होतो. समोर विद्यापीठाचं पान उघडं होतं आणि त्यावर दोन बटणं. फ्रीझ आणि फ्लोट. फ्रीझ म्हणजे मिळाली ती जागा पक्की, पुढच्या फेरीशी आपला संबंध संपला. फ्लोट म्हणजे ही जागा हातात धरून वरच्या पसंतीची वाट बघायची. मी खालचं बारीक अक्षर वाचलंसुद्धा नाही. फ्रीझ दाबलं आणि रस्त्यावर येऊन स्पेशल चहा प्यायलो.

परवा तुझा स्क्रीनशॉट आला. पुणे कॅम्पस, सिव्हिल, पसंती क्रमांक तीन. खाली तू लिहिलं होतंस, ‘आप्पा म्हणतेत फ्रीझ कर, दादा हाय तिथं. करू का?’ मी लिहिलं, उद्या सांगतो. काल तू परत विचारलंस. मी नुसता अंगठा पाठवला.

सोने, त्या अंगठ्यानं मला काल जेवू दिलं नाही.

मघाशी तुला ‘थांब’ एवढाच मेसेज टाकला. तू अजून दाबलेलं नसणार हे मला ठाऊक आहे. ओटीपी आप्पांच्या फोनवर येणार, आणि आप्पा ड्युटीवरून सहाच्या आत घरी येत नाहीत. मुदत उद्या पाचपर्यंत आहे. पण तू आप्पांची वाट बघत दारातच बसली असशील, मला माहीत आहेस तू.

आता आकडे नीट बघ. तुझी पहिली पसंती नागपूर कॅम्पस, इलेक्ट्रॉनिक्स. तुझा रँक ५,११८. यंदा पहिल्या फेरीत ती शाखा ४,८७० ला बंद झाली, म्हणून तुला मिळाली नाही. गेल्या वर्षी पहिल्या फेरीत ४,७९० ला बंद झाली होती, आणि दुसऱ्या फेरीत ६,२४० पर्यंत खाली गेली. त्याच्या आदल्या वर्षी ५,९०० पर्यंत. का, तर वरची पोरं सरकारी कॉलेज मिळालं की जागा सोडून जातात. म्हणजे फ्लोट केलंस तर इलेक्ट्रॉनिक्स जवळपास तुझंच आहे. आणि नाही मिळालं तरी सिव्हिल कुठं जात नाही. हरायला काही नाहीच यात.

तू आठवीत होतीस तेव्हा आप्पांचं तिकीट मशीन अडकलं होतं. डेपोत साहेबांची बोलणी खावी लागणार म्हणून आप्पा जेवायचे थांबले होते. तू केसातली पिन काढून मागचं झाकण उघडलंस, आतून कागदाची बारीक पट्टी ओढलीस आणि मशीन चालू झालं. आप्पा आईला म्हणाले, “हिला कंडक्टर न्हाय, मशीन बनवणारी करायची.” ती पोरगी सिव्हिलला जाऊन काय करणार? दादा आहे म्हणून वाळूसिमेंट?

तर तू म्हणशील, हे तर फोनवर सांगता आलं असतं. सांगता आलं असतं. सात वेळा टाईप करून खोडलं. कारण तू लगेच विचारणार, “मग आप्पांना काय सांगू?” आप्पांची अट तुला माहीत आहे, मलाही. दादा असेल तिथंच जायचं, नाहीतर धाराशिवला बी.एस्सी. विद्यापीठाच्या अटी सोप्या आहेत गं. बारावीला साठ टक्के, त्यांची परीक्षा, डोमिसाईल, टीसी. आपल्या घरची अट मीच आहे. आणि तीच खोटी आहे.

विद्यापीठाच्या वेबसाईटवर ‘प्रवेश आकडेवारी’ नावाचं पान आहे. मला ते तोंडपाठ आहे. अर्ज ३८,४१२. जागा १,८६०. मुली सत्तावीस टक्के. खेड्यातून आलेले अकरा टक्के. शेवटची ओळ अशी: २०२३ च्या तुकडीतले अजून शिकत असलेले विद्यार्थी ९४.६ टक्के. ठळक अक्षरात, बाजूला हसरी पोरं टोप्या उडवताना.

उरले पाच पूर्णांक चार टक्के. मी हिशेब केला, शंभर जण होतात. त्यांचं त्या पानावर काही नाही. नव्याण्णव जणांचं मला माहीत नाही, कुणी आजारी पडलं असेल, कुणाचं घरचं काही झालं असेल. शंभरावा मी आहे.

लिहिलं एकदाचं.

१ फेब्रुवारीला हॉस्टेल सोडलं. म्हणजे पाच महिने झाले. होळीला मी घरी आलो तो पुण्याहून आलो नव्हतो. मेमध्ये तुला ‘प्रॅक्टिकल चालू आहेत’ म्हणालो ते खोटं. मला कुणी काढलं नाही. मीच बॅग भरली आणि निघालो. धाराशिवच्या स्टँडवर उतरलो, तिथून बेंबळीची गाडी धरायची आणि घरी येऊन सगळं सांगायचं असं ठरवून आलो होतो. बघतो तर फलाटाला आप्पांचीच गाडी. आप्पा दारात उभे राहून एका म्हातारीचं गठुडं वर घेत होते. मी रसवंतीच्या मागं लपलो. गाडी गेली. मग मागच्या गल्लीत ‘ॲडमिशनचे सर्व फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी दिसली आणि मी आत शिरलो. ते गौरीशंकर काकांचं दुकान. तेव्हापासून इथंच आहे. दिवसा पोरांचे फॉर्म भरतो, मागच्या खोलीत राहतो. घरापासून तासाभरावर. आप्पांच्या गाडीच्या सगळ्या वेळा मला पाठ आहेत, त्या वेळेला मी स्टँडकडं फिरकत नाही.

काम मला चांगलं येतं बरं का. पोरं रांग लावतात. ज्यानं स्वतःचा फॉर्म बिनडोकासारखा भरला तो दुसऱ्याचा लई जपून भरतो.

गेल्या शनिवारी आप्पा दुकानात आले.

मी मागं झेरॉक्समध्ये कागद घालत होतो. आवाज ऐकला आणि तसाच खाली बसलो. खाकी कपड्यातच आले होते, दोन फेऱ्यांच्या मधे. काकांना म्हणाले, “पोरीला ॲडमिशन घ्यायचंय, कागदं काय काय लागतेत त्याची यादी काढून द्या.” विद्यापीठाचं नाव सांगितलं आणि लगेच पुढं म्हणाले, “माझं पोरगं तिथंच हाय. थर्ड इयरला आलंय आता.”

काका जरा बोलघेवडे आहेत. यादी छापता छापता त्यांनी ते पानच वाचून दाखवलं. इतके अर्ज, इतक्या जागा, चौऱ्याण्णव टक्के टिकतात.

आप्पांनी विचारलं, “मंजी पाचसहा टक्के सोडून जातेत?”

“जातेत की.”

“कसं व्हत असंल हो त्यांच्या मायबापाचं,” आप्पा म्हणाले. चिडून नाही. खरंच वाईट वाटून. मग यादीची घडी करून वरच्या खिशात ठेवली, पेनाच्या मागं, आणि गेले.

मी जमिनीवरच होतो. काका मागं आले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “त्यो मानूस तुझा बाप हाय व्हय रं? नाक सेम हाय.” मी खालचे कागद गोळा करत राहिलो. तेच म्हणाले, “ऊठ. टोनर सांडलाय.”

परवा तुझा स्क्रीनशॉट आला तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं सांगू? परत जावं. पुन्हा प्रवेशाचा अर्ज करावा, म्हणजे ऑगस्टमध्ये तू पुण्याला येशील तेव्हा मी तिथं असेन आणि कुणाला काही कळणार नाही. त्याला गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, मधले महिने कुठं होता आणि का. काकांनी टाईप करायला घेतलं. “कारण काय टाकू? आजारपण टाकू का, समदे तेच टाकतेत.” मी म्हणालो, कौटुंबिक अडचण टाका. त्यांनी टाकलं. कागद हातात घेतला आणि वाचला. माझी कौटुंबिक अडचण. म्हणजे तू, आई आणि आप्पा. फाडून टाकला. काका म्हणाले, “स्टॅम्पपेपर व्हता की रं गाढवा.”

आता खरं कारण. हे लिहायचं टाळत टाळत इथवर आलो.

तेर गावची आरोही तुला आठवते, क्लासमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसायची, तू एकदा स्टँडवर तिला बघून मला कोपर मारलं होतंस. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी तिनं मला तिच्या पसंतीची यादी दिली होती. वहीच्या पानावर, हिरव्या पेनानं, क्रमांक एक ते अकरा. मी ती जशीच्या तशी उतरवली. शाखा कुठली, कॅम्पस कुठला, काही बघितलं नाही. तिचा नववा क्रमांक पुणे सिव्हिल होता. पहिल्या फेरीत तिला आणि मला, दोघांनाही तेच लागलं. मला वाटलं, झालं, देवानंच केलं. मी फ्रीझ दाबलं. तिनं फ्लोट दाबलं आणि दुसऱ्या फेरीत नागपूरला गेली.

दीड वर्ष मी त्या ‘फ्रीझ’ शब्दाला शिव्या दिल्या. सर्व्हेच्या तासाला दुर्बिणीतून बघताना दिल्या, मेसमध्ये दिल्या. कुणी काही बोललं की अंगावर जायचो. रूममेट माझ्याशी बोलायचा बंद झाला. तिला मेसेज करायचो, ती दोन ओळींत उत्तर द्यायची, मी त्या दोन ओळी दहादा वाचायचो. मग उत्तरंही थांबली. २६ जानेवारीला न सांगता नागपूरला गेलो. ती दोन मैत्रिणींबरोबर गेटवर आली. म्हणाली, “तू इथं कसा?”

मी म्हणालो, “तुझ्यामुळं सिव्हिलला सडतोय मी. तुझी यादी होती तशी उतरवली आणि तू निघून आलीस.”

ती म्हणाली, “योगीराज, मी तुला यादी बघायला दिली होती. उतरवायला कुणी सांगितलं?”

  मी वॉचमनच्या केबिनची काच फोडली. होळीला तू माझ्या हातावरचे टाक्यांचे वण बघून विचारलंस, मी क्रिकेट म्हणालो. ते हे. पण काचेचं काही नाही. काच फुटली तेव्हा आरोही दोन पावलं मागं सरकली. मैत्रिणीचा हात धरला तिनं. सोने, ती मला घाबरली. माझ्यावर रागावली असती तर मी अजून तिथंच भांडत उभा राहिलो असतो. त्या दोन पावलांनी मला कॉलेजातून काढलं, दुसऱ्या कुणी नाही.

अजूनही तेरची गाडी लागली की माझी मान वळते. खोटं कशाला बोलू.

आता तुला कळेल मी काल अंगठा का पाठवला. फ्लोट दाब, असं तुला सांगायचं म्हणजे नागपूर. म्हणजे तेच गेट. तू तिथं गेलीस तर तुला भेटायच्या नावाखाली मी तिथं येईन, हे माझं मला माहीत आहे. आप्पाही म्हणतील, जा, बहिणीला सोडून ये. त्यापेक्षा तू पुण्याला सिव्हिल केलेलं बरं, असं माझ्या मनात आलं. एक अख्खी रात्र राहिलं. तुझा फॉर्म मी माझ्यासाठी भरत होतो. आरोहीच्या यादीचं केलं तेच परत.

म्हणून हे लिहून देतो, जपून ठेव. मी नागपूरला तुला सोडायला येणार नाही. आणायला येणार नाही. राखीला येणार नाही, तू घरी आलीस की बांध. आप्पा येतील, त्यांना पास आहे. आरोही कधी समोर दिसली तर माझा निरोप सांगू नकोस. माझं नावसुद्धा काढू नकोस. तिनं ओळखून विचारलंच तर म्हण, तो काच फोडल्याची माफी मागतो आणि परत येणार नाही. बस.

हे पत्र पोस्टानं येत नाही. सव्वाचारची बेंबळी आप्पांची आहे. मी त्याच गाडीत बसणार आहे, पुढच्या दारानं चढणार, लपणार नाही. आप्पा मशीन घेऊन येतील आणि मान वर न करता विचारतील, “कुठलं?” मी बेंबळी म्हणेन. पुढचं काय होईल ते होईल. भर गाडीत मुस्काटात मारली तरी खाली उतरणार नाही, आणि उलट बोलणार नाही. हे दुसरं मला जास्त अवघड आहे. मी बोलायला लागलो की तापतो आणि भलतंच निघतं तोंडातून, म्हणून सगळं कागदावर घेतलंय. पाकीट आप्पांच्याच बॅगेत टाकीन. आधी त्यांनी वाचलं तरी चालेल.

तू फक्त एक कर. आम्ही दोघं दारात आलो की आमच्या तोंडाकडं बघत बसू नकोस. आरडाओरडा होईल, आई रडेल, होऊ दे. तू आप्पांचा फोन माग. ओटीपी घे आणि फ्लोट दाब. त्यांनी नाही दिला तर मी त्यांच्या पाया पडेन, पण उद्या पाचच्या आत तो दाबायचाच. दादा असेल तिथं, नाहीतर धाराशिवला बी.एस्सी., ही अट मी पुण्यात आहे तोवर होती. आता अट उरली नाही, तू उरलीस आणि तुझा ५,११८ उरला.

चार वाजायला दहा मिनिटं आहेत. काका विचारतायत, “उद्या येणार का रं?” मी म्हणालो, बघू. ते म्हणाले, “बघू नको. जा.”

पाकीट बंद करतो. बॅग घेतली. खोलीचं दार माझ्या हातानं लावून निघतो.

तुझा, पुण्यात नसलेला दादा,
योगीराज

ठिकाण: धाराशिव, बसस्टँडच्या मागची गल्ली